आधी बेत, मग कात्री

(ज्ञातिमंडळाच्या कर्जत येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलावयास सांगितले, हा मी माझा बहुमान समजतो. परंतु आज मी केवळ व्याख्याता म्हणून उभा नाही, हिशेब देणारा म्हणूनही उभा आहे. गेल्या वर्षी याच सभेत उंबरखिंडीच्या लढाईवर मुलांसाठी सहा मिनिटांचा ॲनिमेशनपट करावा असा ठराव झाला आणि त्यासाठी मंडळाने ऐंशी हजार रुपये मजकडे सोपविले. वर्ष उलटले. चित्रपट कोठे आहे, असा प्रश्न आपल्या मनात असेल, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर देता देता चित्रपट काढण्यापूर्वी काय काय करावे लागते हेही मी यथाशक्ति सांगणार आहे. कारण ते मला ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत आपण सर्वांनी मोजली आहे.

आपण शिंपी. आपल्या घरांत एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो आणि म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. कापड कापण्यापूर्वी आपण ते ‘बेततो’. सारा महाराष्ट्र ‘बेत’ म्हणजे योजना असे समजतो. आपल्याकडे मात्र बेतणे ही हातांनी करावयाची गोष्ट आहे. माझे आजोबा नेरळच्या पेठेत दुकानाच्या फळीवर बसत. गिऱ्हाइकाने दिलेले कापड ते प्रथम घडी मोडून पसरीत, उभा-आडवा धागा पाहात, खडूने रेघा मारीत आणि मग कात्री बाजूस ठेवून स्वस्थ बसून राहात. लहानपणी मला वाटे, आजोबा आळस करतात. एकदा मी तसे विचारलेही. ते म्हणाले, “बाळा, खडूची रेघ हाताने पुसता येते. कात्रीची रेघ पुसून दाखव पाहू!”

बंधुभगिनींनो, गेल्या वर्षी मी खडू न घेता कात्री चालविली.

प्रकार असा झाला. पैसा हाती आला, उत्साह होता, आपल्यातीलच चार तरुण संगणकावर चित्रे हलविण्याचे शिक्षण घेऊन आले होते. त्यांच्या अंगी कला होती, आणि मला घाई होती. “गोष्ट तर सर्वांस ठाऊक आहे, मग लिहीत काय बसावयाचे?” असे म्हणून मी त्यांना थेट कामास लावले. तीन महिन्यांत अकरा शॉट तयार झाले. एकत्र जोडले तेव्हा ते अठ्ठेचाळीस सेकंद भरले. आम्ही ते खोपोलीच्या एका घरी पाचसहा मुलांना दाखविले. आठव्या शॉटपाशी एका सात वर्षांच्या मुलीने विचारले, “काका, खान परत पुण्याला का चालला?”

खान परत चालला नव्हता. खान पुढेच येत होता. परंतु पहिल्या सात शॉटांत त्याचे घोडदळ पडद्यावर उजवीकडून डावीकडे जात होते आणि आठव्यात, दुसऱ्या मुलाने काढलेल्या, ते डावीकडून उजवीकडे जाऊ लागले. नकाशात पूर्व उजवीकडे असते. आपल्याकडे घाट उतरणारा माणूस उजवीकडून डावीकडे येतो, हे त्या पोरीच्या डोळ्यांनी आपोआप धरले होते. मग आम्ही एकेक दोष पाहू लागलो. रायबागनीचा शेला एका ठिकाणी तांबडा, दुसऱ्या ठिकाणी निळा. खानाची दाढी एकदा छातीपर्यंत, एकदा गळ्यापर्यंत. निवेदनाला चाळीस सेकंद हवे होते, तेथे चित्र पंधरा सेकंदांत संपत होते. पस्तीस हजार रुपये खर्च झाले होते, आणि त्या अठ्ठेचाळीस सेकंदांपैकी दोन पार्श्वचित्रे सोडल्यास काहीही उपयोगाचे नव्हते. दोष मुलांचा नव्हता. बेतल्यावाचून कापावयास सांगणारा मी होतो. या निधीत ब्लाउज शिवून घर चालविणाऱ्या आपल्या एका भगिनीने दिलेले पाचशे रुपयेही आहेत, हे आठवले म्हणजे मला आजही मान वर करवत नाही.

चूक इतकी महाग का पडते, हे थोडक्यात सांगतो. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकतात. सहा मिनिटे म्हणजे तीनशे साठ सेकंद, अर्थात आठ हजार सहाशे चाळीस चित्रे. प्रत्येक चित्र दोनदा वापरण्याची काटकसर केली, तरी चार हजार तीनशे वीस वेगवेगळी चित्रे हवीत. नटांना घेऊन काढलेल्या चित्रपटात चार प्रकारे दृश्य टिपून त्यातील बरे ते ठेवता येते. येथे तसे नाही. येथे घोड्याचे पाऊल, झाडाचे पान, माणसाची पापणी, सारे कोणीतरी निर्माण करावे तेव्हा असते. म्हणून अन्य चित्रपटांचे संकलन शेवटी होते, तर ॲनिमेशनचे बरेचसे संकलन आरंभीच, कागदावर करावे लागते. चार सेकंदांचा एक शॉट टाकून द्यावा लागला, तर शहाण्णव चौकटी वाया गेल्या. तोच शॉट कागदावर असता, तर एक कागद फाडला असता.

या फजितीनंतर मी उंबरखिंडीकडे गेलो. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याने चावणी गावापाशी उतरावे. अंबा नदीच्या पात्रातील स्मारकाजवळ उभे राहून दोहों अंगांचे डोंगर पाहिले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आपण ज्या लढाईवर चित्रपट काढीत होतो, त्या लढाईचाच धडा आपण विसरलो होतो.

फेब्रुवारी १६६१ मध्ये येथे काय घडले? शाहिस्तेखान पुण्यास तळ देऊन होता. त्याने कारतलबखानास कोकण हस्तगत करण्यासाठी धाडिले; बरोबर रायबागन ही पराक्रमी स्त्री होती. खान लोहगडाच्या बाजूने सह्याद्री उतरून या अरण्यात शिरला. महाराजांनी काय केले? त्यांनी वाट अडविली नाही. आपली माणसे आधीच दोन्ही बाजूंच्या झाडीत नेमून ठेविली, आणि खानाचे सैन्य त्या चिंचोळ्या खिंडीत पुरते येईपर्यंत कोणी हूं की चूं केले नाही. मग पुढचे व मागचे दोन्ही मार्ग बंद झाले, तेव्हाच मारा सुरू झाला. अखेर रायबागनीच्या सल्ल्याने खानाने वकील पाठवून अभय मागितले, आणि महाराजांनी सामानसुमान व खंडणी घेऊन त्यास जाऊ दिले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे. ही लढाई केवळ मनगटाने जिंकलेली नाही. कोण कोठे उभा राहील, कोण कोणाच्या आधी हलेल, आणि कोणत्या क्षणापर्यंत कोणी हलावयाचे नाही, हे आधी ठरले होते म्हणून जिंकली. बेत आधी पुरा झाला होता, कात्री मागून चालली.

खिंडीतून परत आल्यावर आम्ही काम अगदी प्रथमपासून आरंभिले. त्याचा क्रम सांगतो, कारण ज्यांची मुले या व्यवसायात जाऊ इच्छितात त्यांना तो उपयोगी पडेल.

पहिली पायरी, एक वाक्य. आपला चित्रपट कशाविषयी आहे हे एका वाक्यात लिहावे. यासाठी आम्हाला दोन आठवडे लागले. शेवटी वाक्य ठरले: ‘जो वाट पाहू शकतो, तो जिंकतो.’ ते ठरताच पूर्वी काढलेली तलवारबाजीची तीन दृश्ये आपोआप गळाली.

दुसरी पायरी, संहिता. पडद्यावर जे दिसेल आणि जे ऐकू येईल तेवढेच लिहावयाचे. ‘खानास पश्चात्ताप झाला’ हे संहितेत चालत नाही. पश्चात्ताप दिसावयाचा कसा, हे लिहावे लागते. आमच्या संहितेत खान आपल्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवितो आणि मागे वळून चढाकडे पाहतो, एवढेच आहे.

तिसरी पायरी स्टोरीबोर्डची. प्रथम अंगठ्याएवढ्या चौकटींत भराभर रेखाटने करावयाची. ती सुंदर असू नयेत, असेच मी म्हणेन. सुंदर चित्र टाकून देताना जीव कासावीस होतो. त्यांतून निवडलेली चौकट मग तळहाताएवढी काढावयाची. तिच्याखाली शॉटचा अनुक्रमांक, पात्र कोणीकडून कोणीकडे जाते त्याचा बाण, कॅमेरा जवळ येतो की दूर जातो, निवेदनाचे शब्द आणि सेकंद लिहावयाचे. आमच्या चित्रपटाचे चौसष्ट शॉट झाले आणि एकशे बारा चौकटी. त्या ओळीने भिंतीवर लावल्या आहेत. सर्वांत वर तांबड्या खडूने एक बाण काढला आहे: खानाची फौज सदैव उजवीकडून डावीकडे येईल. हा बाण फक्त एकदाच उलटतो; अभय मिळाल्यावर खान परत फिरतो तेव्हा. त्या खोपोलीच्या मुलीने आमची चूक दाखविली होती, तीच आता आमची युक्ती झाली आहे.

चौथी पायरी, पात्रांची मापे. आपण गिऱ्हाइकाची मापे वहीत लिहून ठेवतो, तद्वत् प्रत्येक पात्र समोरून, बाजूने व पाठमोरे काढून, त्याची उंची दुसऱ्या पात्राशी ताडून, रंग ठरवून एका कागदावर नोंदवावयाचे. तो कागद सर्व चित्रकारांपुढे राहतो. मग शेल्याचा रंग बदलत नाही आणि दाढीही वाढत नाही.

पाचवी पायरी मला सर्वांत प्रिय आहे. स्टोरीबोर्डची स्थिर चित्रे ठरल्या सेकंदांप्रमाणे एकापुढे एक जोडावयाची आणि घरच्याच कोणाच्या तरी आवाजात निवेदन भरावयाचे. यास ॲनिमॅटिक म्हणतात. हे दुसरे तिसरे काही नसून आपला धावदोरा आहे! कोट पक्का शिवण्यापूर्वी आपण धावदोरा घालून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहतो. खांद्यात चोळी होते का, बाही आखूड पडते का, हे तेव्हाच कळते, आणि तेव्हाच उसविता येते. आमच्या पहिल्या धावदोऱ्यात चित्रपट सहा मिनिटांऐवजी आठ मिनिटे वीस सेकंदांचा भरला. एकशे चाळीस सेकंद, म्हणजे तीन हजार तीनशे साठ चौकटी आम्ही काढण्यापूर्वीच वाचविल्या.

शेवटची पायरी यादीची. कोणती पार्श्वचित्रे लागतील, किती घोडे, कोणते घोडे पुन्हा वापरता येतील, कोण कोणता शॉट करील, कोणत्या तारखेस देईल. चौसष्ट शॉटांसाठी आम्हाला बावीसच पार्श्वचित्रे लागणार आहेत, हे यादीवाचून कधी कळले नसते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भिंतीवरील चौकटी पाहावयास आम्ही खालापूरच्या एका वृद्ध आजींना बोलाविले. त्यांनी काठी टेकीत सारी भिंत पाहिली आणि विचारले, “लढाई कोणत्या महिन्यात झाली म्हणालास?” मी म्हटले, “फेब्रुवारीत.” आजी म्हणाल्या, “मग हे डोंगर आषाढातले का रे काढलेत? तेव्हा गवत वाळून पिवळं झालेलं असतं, पायाखाली पाचोळा वाजतो. आणि पाचोळा वाजतो म्हणून तर माणसाला निजून राहावं लागतं.” आम्ही चौघे-पाचजण एकमेकांकडे पाहातच राहिलो. रंगीत पेन्सिलींनी ते डोंगर पिवळे करावयास एक दुपार पुरली. परंतु पाचोळ्याच्या आवाजामुळे श्वास रोखून पडून राहिलेल्या मावळ्याचा जो शॉट त्यातून सुचला, तो आज आमच्या चित्रपटाचा प्राण आहे. चित्रपट पुरा होऊन पडद्यावर गेल्यावर आजी हे बोलल्या असत्या, तर आम्ही फक्त मान डोलाविली असती.

ही पद्धत परक्यांची आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेत डिस्नेच्या कलागृहात १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चौकटी फळ्यावर टाचण्याची रीत रूढ झाली, हे खरे. तेथूनच आलेल्या क्लेअर वीक्स यांनी १९५६ च्या सुमारास मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आपल्या तरुणांना शिक्षण दिले. त्यांतूनच राम मोहन यांच्यासारखे कलावंत पुढे आले. परंतु आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाचे चित्रकथी एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली पोथी पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. एकेक चित्र पुढे करावयाचे आणि कथा गात जावयाची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ती पोथी स्टोरीबोर्ड नव्हे तर काय?

आणि दादासाहेब फाळके! ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. तत्पूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे एकेक करून दिवसेंदिवस टिपली आणि रोपटे पडद्यावर झरझर वाढताना दाखविले. तो लहानसा नमुना पाहून त्यांना भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ काढली. मोठा पैसा मागण्यापूर्वी लहान नमुना दाखवावा, हा पाठ त्यांनी शंभर वर्षांपूर्वी घालून दिला. मी तो उलटा गिरविला.

आता तरुणांसाठी व त्यांच्या पालकांसाठी दोन शब्द. आज हे शिक्षण देणारे वर्ग जागोजागी आहेत आणि त्यांची फी भरावयास काही घरांत दागिने गहाण पडतात, हे मला ठाऊक आहे. प्रवेश घेण्यापूर्वी एकच विचारा: येथे संगणकाची कळ दाबावयास शिकवितात, की गोष्ट सांगावयास? कळा दोन वर्षांनी बदलतात. ब्लेंडर, क्रिटा यांसारखी साधने तर विनामूल्य मिळतात. आता एक वाक्य सांगितले की यंत्र चित्रही काढून देते. तेव्हा हाताला काम उरणार नाही, अशी भीती घरोघर बोलली जाते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु शिवणयंत्र आले तेव्हाही आपल्या आजोबा-पणजोबांना हीच भीती वाटली असेल. यंत्राने टाके घातले. बेतावयाचे कसे, हे मात्र ज्याला ठाऊक होते त्याचेच दुकान चालले. यंत्र चित्र देईल. कोणते चित्र कोणत्या चित्रामागून यावे, आणि कोठे क्षणभर काहीच हलू नये, हे सांगणारा माणूस लागेलच. तो आपल्या घरात तयार व्हावा.

घाटातून जाताना आपण सर्वांनी रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या आहेत: ‘अति घाई संकटात नेई’. मी त्या शेकडो वेळा वाचल्या आणि माझ्यासाठी नाहीत असे समजलो. तसेच कर्जतला गाडीला मागून इंजिने जोडतात, तेव्हा मुंबईकर प्रवासी वडा खात कुरकुरतो की गाडी का थांबली. आपण कर्जतकर जाणतो की ती थांबली म्हणूनच खंडाळ्याला पोहोचणार आहे. आमचे गेले वर्ष असेच कर्जत स्थानकात गेले, असे समजून मला क्षमा करावी.

आता हिशेब. ऐंशी हजारांपैकी पस्तीस हजार पहिल्या घाईत गेले. ती रक्कम मी स्वतः तीन हप्त्यांत मंडळास परत करीन, असे मी अध्यक्षांस लिहून दिले आहे. नव्या कामात कागद, पेन्सिली आणि उंबरखिंडीच्या दोन फेऱ्यांचे भाडे मिळून दोन हजार शंभर रुपये झाले. उरलेले बेचाळीस हजार नऊशे रुपये बँकेत जसेच्या तसे आहेत. धावदोऱ्याचा चित्रपट आज जेवणानंतर शेजारच्या खोलीत दाखविला जाईल. तो पाहून आपण पसंती दिल्यावाचून त्या रकमेतील एक पैही काढली जाणार नाही.

माझी विनंती इतकीच, की केवळ टाळ्या वाजवावयास येऊ नका. गिऱ्हाइकाच्या नजरेने या. खांद्यात कोठे चोळी होते, बाही कोठे तोकडी पडते, ते निःसंकोच सांगा. लहान मुलांना पुढे बसवा, आणि ती काही विचारू लागली तर त्यांना गप्प करू नका. आज उसवावयास लाज नाही.